ग्रॅनाइटवर 'लष्करी न्यायालय' कोरू का? आजोबांच्या १९४३ च्या कागदाबद्दल मदत हवी

अक्षरवाला, तासगाव

नमस्कार मंडळी. माझं तासगावात पाट्यांचं दुकान आहे. फ्लेक्स, रेडियम, घरांची नावं, देवळाच्या देणगीदारांच्या याद्या, सगळं करतो. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीनं ९ ऑगस्टला चावडीसमोर काळ्या ग्रॅनाइटची शिळा बसवायचं ठरवलंय. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेल्या गावच्या अकरा जणांची नावं त्यावर येणार. काम माझ्याकडंच आलं. पाचवं नाव माझ्या आजोबांचं आहे.

ग्रामसेवकांनी मॅटर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. आजोबांच्या नावापुढं असं आहे : "५ जून १९४३ रोजी लष्करी न्यायालयाने १८ महिने सक्तमजुरीची शिक्षा सुनावली." आमच्या घरातही 'मिलिटरी कोर्टानं शिक्षा दिली' असंच सांगत आलेत, त्यामुळं मला काही खटकलं नव्हतं. विनाइलची स्टेन्सिल कापून झाली. दगडावर चिकटवायच्या आधी आत्याला फोनवर वाचून दाखवली. आत्या नव्वदीला टेकलीय, पण डोकं लख्ख आहे. ती म्हणाली, "जून कुठला? शिवरात्रीचा उपास होता. आई रताळी उकडून फडक्यात बांधून साताऱ्याला गेली हुती, त्या दिशी निकाल झाला." धरलं होतं त्याआधी थंडीत. गावची चावडी फोडून दप्तर जाळलं आणि तारा तोडल्या, त्या प्रकरणात.

मग मी ट्रंकेतला कागद काढला. चार घड्यांचा, कसरीनं खाल्लेला, इंग्रजीत टाइप केलेला. वाचता येतं ते एवढंच : स्पेशल मॅजिस्ट्रेट, सातारा. डी. आय. आर. (डिफेन्स ऑफ इंडिया रूल्स). सक्तमजुरी १८ महिने. 'मिलिटरी' हा शब्द कुठंच नाही. आणि खाली समासात जांभळ्या अक्षरात हातानं लिहिलंय : 'ऑर्डिनन्स १९ / १९४३' आणि '५-६-४३'. ग्रामसेवकांनी तारीख तिथनं उचललेली दिसते.

फ्लेक्स असता तर विचारलं नसतं, चुकला तर परत छापला असता. ग्रॅनाइटला एकदा सँडब्लास्ट मारला की संपलं. तेव्हा जाणकारांनी सांगावं, हे लष्करी कोर्ट होतं का, आणि शिक्षा शिवरात्रीला झाली असेल तर कागदावर ५ जून कसा?

---

वाळव्याचा पाव्हणा

अहो बिनधास्त लिहा 'लष्करी'. आमच्या थोरल्या आजोबांच्या तोंडीपण 'मिलिटरी कोरट'च असायचं. गावाला वेढा घालणारा खाकीतला हत्यारी पोलीस काय आणि मिलिटरी काय, खेड्यातल्या माणसाला एकच. ज्याच्या पाठीवर वळ उठले त्यानं ठेवलेलं नाव खरं. साहेबाचा कागद काय म्हणतो ते कशाला धरून बसायचं?

---

जुनं दप्तर, सातारा

पाव्हणे, जरा थांबा. दगडावर कोरायचं आहे, पारावर सांगायचं नाही.

मी कोर्टात नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं रेकॉर्डरूममध्ये, म्हणजे लाल रुमालात बांधलेले गठ्ठे सोडायचे, धूळ खायची, परत बांधायचे. बेचाळीस-त्रेचाळीसचे कागद फार थोडे हाताला लागले. फौजदारी कागदांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी असते आणि मुदत संपली की खालच्या प्रतीचे कागद रीतसर नष्ट करतात. त्यामुळे तुमच्या ट्रंकेत आहे ते सांभाळा. आधी ती घडी उलगडून सपाट ठेवा. लॅमिनेशन मात्र करू नका.

आता कोर्टाचं. ते लष्करी नव्हतं. ते 'स्पेशल क्रिमिनल कोर्ट' होतं, १९४२ च्या २ ऱ्या वटहुकमाखालचं, म्हणजे ऑर्डिनन्सखालचं. हा वटहुकूम जानेवारी १९४२ चा, म्हणजे 'चले जाव'च्या सात महिने आधीचा. डिसेंबरात जपान युद्धात उतरला होता, रंगूनवर बाँब पडले होते. जपानी फौज हिंदुस्थानात घुसली किंवा शहरांवर विमानं आली आणि नेहमीची कोर्टं कोलमडली, तर खटले झटपट उरकता यावेत म्हणून व्हाइसरॉयनं ही तजवीज करून ठेवली. साताऱ्यात जपानी काही आला नाही. ऑगस्ट उजाडला आणि तीच हत्यारं आपल्याच लोकांवर बाहेर निघाली.

या वटहुकमात तीन पायऱ्या होत्या : स्पेशल जज्ज, स्पेशल मॅजिस्ट्रेट आणि समरी कोर्ट. माणसं मुलकीच, म्हणजे डोक्यावर टोपी कुठलीही असो, अंगावर लष्करी वर्दी नाही. पण कामाची रीत पाहिली तर लोकांनी 'मिलिटरी' का म्हटलं ते कळतं. साक्षीदार बोलला ते सगळं लिहून घ्यायची गरज नव्हती, सारांशाचं टिपण पुरे. स्पेशल मॅजिस्ट्रेटनं दोन वर्षांपर्यंतची शिक्षा दिली तर तिला अपीलच नाही. दोन वर्षांच्या वर गेली तर अपील स्पेशल जज्जाकडे, म्हणजे त्याच घरातल्या थोरल्या खोलीत. हायकोर्टाचा दरवाजा मुद्दाम बंद केलेला. आता तुमच्या आजोबांची शिक्षा बघा : अठरा महिने. दोन वर्षांच्या आत. तेव्हाच्या कित्येक शिक्षा या रेषेच्या अलीकडे का पडायच्या, याचा विचार मी नोकरीत असताना पुष्कळ वेळा केला आहे.

या सगळ्यात सगळ्यात वाईट कलम दिसायला साधं होतं. कुठला खटला नेहमीच्या कोर्टात जायचा आणि कुठला स्पेशलकडे, हे सरकारी हुकमावर. एकाच रात्री एकाच तारेला हात लावलेले दोघे. एकाला अपील, दुसऱ्याला नाही. ठरवणार साहेब.

आणि इथे तुमचा ५ जून येतो. बंगालमधल्या अशाच एका खटल्यात कलकत्ता हायकोर्टानं या कोर्टांचा पायाच उखडला. सरकार दिल्लीच्या फेडरल कोर्टात गेलं. ४ जून १९४३ ला तिथेही सरकार हरलं. तिघांपैकी वरदाचारियार आणि झफरुल्ला खान एका बाजूला, रोलंड विरुद्ध. (हेच झफरुल्ला पुढे पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री.) म्हणजे देशभर या कोर्टांनी आत टाकलेल्या हजारो लोकांच्या शिक्षा एका दिवसात अधांतरी झाल्या. आता सगळे सुटणार असं कोणालाही वाटलं असतं. सरकारला एक रात्र पुरली. ५ जूनला नवा वटहुकूम आला, नंबर १९. जुना रद्द, ती कोर्टं बंद. पण दिलेल्या शिक्षा कायम. त्या नेहमीच्या कोर्टानंच दिल्या होत्या असं समजायचं आणि त्यांना नेहमीसारखं अपील द्यायचं. आता अपिलाची मुदत मोजायची कुठून? शिक्षा तर महिन्यांपूर्वीच्या, मुदत केव्हाच टळलेली. तेव्हा कायद्यानं असं धरलं की जणू सगळ्यांना शिक्षा वटहुकूम निघाला त्या दिवशीच झाली.

म्हणून तुमच्या समासातला ५ जून हा निकालाचा दिवस नव्हेच. आत्याबाईंची शिवरात्र बरोबर आहे.

एक विचारतो. कागदाच्या शेवटी, सहीच्या खाली किंवा पाठीमागे, लहान अक्षरात तीन तारखा आहेत का? अर्ज आला, नक्कल तयार झाली, नक्कल दिली, अशा? आणि ती जांभळी अक्षरं शाईची आहेत की पेन्सिलीची?

---

सक्खरवाला, सांगली

मध्येच बोलतो, माफ करा. माझा जन्म सांगलीचा, कापडाचं दुकान सांगलीत, मराठी तुमच्याइतकीच येते. पण आमचं घर मूळचं सिंधमधल्या सक्खरचं. दादा आम्हाला जे सांगायचे ते खरोखर लष्करी कोर्टाचं होतं, म्हणून फरक लिहावासा वाटला.

हुरांच्या, म्हणजे पीर पगारोंच्या मुरीदांच्या बंडामुळे १ जून १९४२ पासून सिंधच्या मोठ्या भागात मार्शल लॉ (लष्करी अंमल) होता, तो जवळजवळ वर्षभर चालला. हेमू कालाणी हा आमच्या सक्खरचा पोरगा. लष्करी सामान घेऊन गाडी येणार अशी बातमी लागली म्हणून रुळाच्या फिशप्लेटा, म्हणजे रूळ जोडणाऱ्या पट्ट्या, काढायला गेला. सोबतचे निसटले, हा सापडला, नावं सांगितली नाहीत. सक्खरच्या मार्शल लॉ कोर्टानं जन्मठेप दिली. कागद मंजुरीसाठी वरच्या लष्करी साहेबाकडे गेला आणि तिथं जन्मठेपेची फाशी झाली. वाढवली! अपिलात शिक्षा कमी होते हे आपल्याला माहीत आहे, तिथं न मागता वर गेली. २१ जानेवारी १९४३ ला फाशी दिलं तेव्हा विशीसुद्धा पुरी नव्हती. दोनच महिन्यांनी, २० मार्चला, हुरांच्या पीर पगारोंना हैदराबाद सिंधमध्ये फाशी. तेही मार्शल लॉ कोर्टाकडून. त्यांना पुरलं कुठं हे घरच्यांनाही सांगितलं नाही.

दादा म्हणायचे, तिथं वकील बोलायचा तोपर्यंत साहेबाच्या मनगटावरचं घड्याळ बोलायचं. तासगावच्या भाऊंच्या आजोबांचं दुःख कमी नाही. पण 'लष्करी' शब्द आमच्यासाठी वेगळ्या वजनाचा आहे.

---

सुभेदार (निवृत्त), सातारा तालुका

शब्दांची गल्लत होते आहे म्हणून. कोर्टमार्शल असते फौजीसाठी, आर्मी अ‍ॅक्टखाली. मी दोनदा ड्युटी केली आहे, तिथे कागद इतका चोख लागतो की विचारू नका. मार्शल लॉ कोर्ट सिव्हिलियनसाठी, आपल्याच मुलखात. सोलापूरला १९३० च्या मे-जूनमध्ये तोच लागू होता. आणि तिसरे, परक्या फौजेने मुलूख ताब्यात घेऊन चालवलेले कोर्ट. हे तिसरे हिंदुस्थानात आले ते अंदमानात.

पोर्ट ब्लेअरला माझे पोस्टिंग होते. सेल्युलर जेल पाहायला आपली मंडळी येतात, सावरकरांची कोठडी पाहतात, साउंड शो बघून शहाळे पिऊन जातात. त्याच कोठड्यांत २३ मार्च १९४२ ला जपानी उतरल्यावर कोण होते हे विचारत नाहीत. स्थानिक लोक अजून 'स्पाय केस' असाच शब्द वापरतात. पाणबुडीतून इंग्रजांना खबर जाते असा जपान्यांना संशय. मग यादी, मारहाण, त्या मारहाणीत घेतलेले दुसऱ्याचे नाव, ते नाव धरून पुढची यादी. डॉ. दिवाणसिंग यांनी तिथे गुरुद्वारा उभा केलेला, पंजाबी कवी माणूस. त्यांना सेल्युलर जेलमध्ये आठवडेच्या आठवडे हाल करून मारले, १४ जानेवारी १९४४. त्याच महिन्यात ३० तारखेला हम्फ्रीगंजला ४४ जणांना उभे करून गोळ्या. आणि त्याच्या महिनाभर आधी, ३० डिसेंबरला, नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवलेला! त्यांना आतले काही दिसू दिले नाही असे तिथले जुने लोक सांगतात. मी हम्फ्रीगंजच्या स्मारकापाशी एकटाच गेलो होतो. पाऊस लागला होता आणि झाडाखाली बकऱ्या उभ्या होत्या.

तिथल्या घरांतून मला कोणी ट्रंकेतला कागद काढून दाखवला नाही. तुमच्याकडे कागद आहे.

---

कृष्णाकाठ

कायदा शिकवते, म्हणून थोडी भर. सुभेदारसाहेब, तिसऱ्या प्रकाराचं म्हणालात ते अगदी नेमकं आहे. इंग्रजांना आपण कितीही परकं म्हटलं तरी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भाषेत सातारा हा 'व्याप्त प्रदेश', म्हणजे युद्धात परक्या सैन्यानं ताब्यात घेतलेला मुलूख, नव्हता; अंदमान होता. १९०७ च्या हेग नियमांप्रमाणे ताबा घेणाऱ्या सैन्यानं तिथले चालू कायदे शक्यतो तसेच ठेवायचे असतात. युरोपात जर्मनांनी ते कसे पाळले? डिसेंबर १९४१ चा 'रात्र आणि धुकं' नावाचा हुकूम बघा. फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, नॉर्वेमधल्या ज्या माणसाला तिथल्या तिथे झटपट मृत्युदंड देता येणार नाही, त्याला गुपचूप जर्मनीत न्यायचं, खटला बंद दाराआड, आणि घरच्यांना काहीही कळवायचं नाही. जिवंत आहे की मेला एवढंसुद्धा नाही. न कळवणं हाच शिक्षेचा भाग, हे हुकमामागचं उघड धोरण होतं.

त्यावरून शहाणं होऊन १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात कलमं आली. व्याप्त प्रदेशात लष्करी कोर्ट नेमता येईल, पण ते राजकीय नसावं आणि त्याच प्रदेशात बसावं. कैदी त्याच प्रदेशात ठेवावा. मृत्युदंड झाला तर साधारणपणे सहा महिने अंमल करायचा नाही. आणि सामुदायिक शिक्षा नाही. हे शेवटचं वर्गात शिकवताना मी सातारा जिल्ह्याचं उदाहरण देते, कारण १९४२ च्या २० व्या वटहुकमानं सरकारनं गावंच्या गावं सामुदायिक दंडाला धरली होती. तारा कोणी तोडल्या माहीत नाही, मग गावानं भरा.

आजी रताळी घेऊन निकालाला पोचल्या हे वाचून मी जरा थांबले. म्हणजे तारीख त्यांना कळली होती, जागा कळली होती.

---

वाळव्याचा पाव्हणा

सगळं मान्य. पण एक राहिलं. साहेबाच्या कोर्टाला उत्तर म्हणून आपल्याकडं प्रति सरकारची न्यायदान मंडळं होती की. शेताचे बांध, सावकारी, नवऱ्यानं टाकलेल्या बायका, सगळे तंटे गावातल्या गावात, एक पैसा खर्च नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांचा तो काळ शिळेवर एका ओळीत तरी यायला पाहिजे.

---

जुनं दप्तर, सातारा

यावा, जरूर यावा. कुंडलची मंडळी औंध संस्थानच्या हद्दीत, त्यामुळे इंग्रज पोलिसाला पाऊल टाकायला आधी संस्थानची हद्द मोजावी लागायची, हीही गंमत येऊ द्या. पण पाव्हणे, 'पत्री सरकार' हे नाव कशावरून पडलं तेही आपल्या दोघांना माहीत आहे. तळपायावर काठ्या बसलेला माणूस अपील कुठे करणार होता? गुंड होते, खबरे होते, मान्य. सगळेच होते का, हे मी माझ्या आजोळी ऐकलेल्या एका गोष्टीमुळे छातीठोक सांगत नाही. अपील हा शब्द मी दोन्हीकडे सारखाच लावतो. रेकॉर्डकीपरची खोड समजा.

तासगावकर, त्या तीन तारखांचं काय झालं?

---

अक्षरवाला, तासगाव

काका, दुकान बंद करून आत्ता बसलोय. कागद काचेखाली सपाट केला आणि मोबाइलची बॅटरी तिरकी मारून बघितली. पाठीमागं तीन ओळी आहेत. पहिलीची तारीख कसरीनं खाल्लीय, दुसरीत फक्त '४३' दिसतं. तिसरी वाचता येते, जुलै ४३. दिवस एक आकडी आहे, ७ किंवा ९.

आणि जांभळं आहे ते पेन्सिलीचंच. बोट ओलं करून कोपऱ्याला लावलं (करायला नको होतं, कळतंय) तर बोटाला रंग आला. ५-६-४३ च्या खाली अजून काहीतरी आहे. इतकी वर्षं आम्ही त्याला किंमत समजत होतो, कुणीतरी हिशेब मांडला असेल म्हणून. ते '३० दि.' असं आहे.

---

जुनं दप्तर, सातारा

ती कॉपिंग पेन्सिल. वकील आणि त्यांचे कारकून सर्रास वापरायचे.

आता सावकाश वाचा. तुमच्याकडे आहे तो निकालाचा मूळ कागद नाही, ती नक्कल आहे. नक्कल आपोआप घरी येत नाही. कोणीतरी अर्ज करतं, फी भरतं, खेटे घालतं. दोन वर्षांच्या आतल्या शिक्षेला अपील नव्हतं, तेव्हा ५ जूनच्या आधी या कागदासाठी पैसे घालवायचं कारण नव्हतं. ५ जूननंतर अपिलाची वाट उघडली. सेशन्स कोर्टात अपील करायला तीस दिवस. तुमच्या समासात कोणीतरी वकिली डोक्याचा माणूस मुदत मोजत बसला आहे : वटहुकूम १९, ५ जूनपासून, ३० दिवस. नक्कल जुलैच्या ७ ला मिळो की ९ ला, घाबरू नका. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात.

म्हणजे तुमच्या घरातून कोणीतरी अपिलाच्या तयारीला लागलं होतं. अपील दाखल झालं का, त्याचं काय झालं, हे या कागदावरून सांगता येणार नाही. आजोबा घरी कधी आले?

---

अक्षरवाला, तासगाव

हे लिहू का नको असा तासभर विचार केला. इथं नाव कुणाचं दिसत नाही म्हणून लिहितोय.

शिवरात्रीपासून अठरा महिने म्हणजे १९४४ चा गणपतीचा सुमार. पण आजोबा त्याच्या कितीतरी आधी आले. आत्या सांगते, त्रेचाळीसच्या दिवाळीला घरात होते, नरकचतुर्दशीला आईनं त्यांना उटणं लावलं ते तिला आठवतं, कारण पाठीवर हात लावला की ते दचकायचे. मला वाटलं, पाच वर्षांची पोर, वर्षाची गल्लत होत असेल. म्हणून धाकट्या चुलत्यांचा, आप्पांचा, शाळेचा दाखला काढला. जन्मतारीख १ जून १९४४. ती काय, त्या काळच्या निम्म्या महाराष्ट्राची आहे, गुरुजींनी टाकलेली. पण आत्या म्हणाली, "त्या पंचमीला आईला झोक्यावर बसू दिलं न्हवतं, दिवस भरत आलं हुतं. आप्पा श्रावणातला." श्रावण चव्वेचाळीस. मंडळी, हिशेब तुम्हीच करा. आजोबा गणपतीपर्यंत येरवड्यात असते तर आप्पा कुठनं आले असते!

आता खरी गोष्ट. ते मुदतीआधी आले म्हणून गावात एक बोलणं होतं. माफी लिहून दिली म्हणून सुटला. तोंडावर कुणी बोललं नाही, पण सत्काराला त्यांना कधी पुढच्या रांगेत बसवलं नाही. पुढं स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान निधीची वेळ आली तेव्हा अर्जच केला नाही. विचारलं की म्हणायचे, "मला काय कागद कळतोय?" अंगठा होता त्यांचा. वडील याच बोलण्यावरून एकदा जत्रेत हातघाईवर आले होते, ते मला आठवतं. 'मिलिटरी कोर्ट' हे आमच्या घरात इतकं ठासून का सांगायचे, ते आज माझ्या ध्यानात येतंय.

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. आत्याला विचारलं, साताऱ्याला कितीदा गेली होती? म्हणाली, "शिवरात्रीला एकदा. मग पावसाळ्यात लई डाव. गळ्यातली बोरमाळ त्यातच गेली." बोरमाळ सामुदायिक दंडात गेली असंच मी आजवर ऐकत आलो होतो.

---

जुनं दप्तर, सातारा

अंदाजानं काही कोरू नका. पण सोमवारी साताऱ्याला या. सेशन्सचं फौजदारी अपिलांचं रजिस्टर हे खटल्याच्या कागदांपेक्षा जास्त टिकणारं असतं. १९४३, जुलै ते ऑक्टोबर. शोध घेण्यासाठी रीतसर अर्ज करा. आजोबांचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका तासगाव, जिल्हा सातारा. सांगली जिल्हा लिहाल तर कारकून गोंधळेल, तेव्हा तो जन्माला यायचा होता; १९४९ ला दक्षिण सातारा झाला आणि १९६० ला त्याचं सांगली. आडनावात इंग्रजी स्पेलिंगची काशी झालेली असते, म्हणून गावावरून शोधा. सापडेलच असं नाही. माझ्या काळात एक पूर्ण मांडणी वाळवीनं गेली होती.

आणखी एक, आशा वाढवायला नव्हे, माहितीला. पुढे १९४४ च्या अखेरीस लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टानं, फेडरल कोर्टाचा तो निकाल फिरवला, म्हणजे स्पेशल कोर्टं पहिल्यापासून कायदेशीरच होती असं ठरलं. पण तोवर १९ व्या वटहुकमाखाली ज्यांची अपिलं होऊन गेली ती होऊन गेली होती.

---

सक्खरवाला, सांगली

सोमवारी मी साताऱ्याला मालाच्या कामानं जातोय. गाडीत जागा आहे. आत्याबाईंना यायचं असेल तर सकाळी तासगाववरून घेऊन जाईन, वाकडी वाट झाली तरी चालेल.

---

अक्षरवाला, तासगाव

आत्याला विचारलं. ती येणार म्हणते, डबा तीच करणार आहे.

सरपंचांना सांगितलं की दहा नावं आत्ता कोरतो, पाचवी ओळ रिकामी सोडतो. ते म्हणाले, "दगडावर मधेच मोकळं कसं दिसंल?" म्हटलं, स्टेन्सिल तिथं टेप लावून झाकतो, ९ तारखेच्या आदल्या रात्रीपर्यंत मला वेळ द्या, मशिन चावडीवर आणून मारून देतो. निदान एवढं नक्की केलंय : 'लष्करी' काढलं, 'विशेष न्यायदंडाधिकारी, सातारा' घातलं, आणि ५ जूनच्या जागी आत्ता नुसतं '१९४३'. सक्खरवाल्या भाऊंनी सांगितल्यावर तो शब्द आमच्या ओळीत ठेवायला मला बरं वाटेना.

काका, शोधाच्या अर्जाला कोर्ट फी स्टँप किती रुपयांचा लागेल? आणि अर्ज मराठीत चालेल ना? आत्याला स्वतःची सही करायची आहे.